बियरच्या बाटलीला घरच्या घरी मेणाची सील : साहित्य, कृती आणि नेहमीच्या चुका

आधी एक गैरसमज काढून टाकू. मेण लावलं म्हणून बियर टिकत नाही. बाटलीत बियर बिघडते ती दोन गोष्टींनी : भरतानाच आत राहिलेला प्राणवायू आणि बाहेरची उष्णता. बिल्ल्याच्या, म्हणजे बाटलीच्या पत्र्याच्या झाकणाच्या, आत जो पातळ थर असतो त्यातून वर्षानुवर्षं किंचित हवा आत झिरपते. मेणाने तेवढं झिरपणं थोडं कमी होतं, एवढंच. बाकी मेणाचं काम वेगळं आहे. बिल्ला गंजू नये, बाटली मध्येच कुणी उघडली तर लगेच कळावं आणि दुसऱ्याच्या हातात देताना ती नीटनेटकी दिसावी. महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसाळ्यात तीन महिने भिंतींना ओल असते, तिथे बिल्ल्याच्या दातऱ्यांवर गंज चढायला एक हंगाम पुरतो. त्यासाठी मेण खरोखर उपयोगी पडतं.

कोणती बाटली ठेवायची

नवखे इथेच फसतात. लेबलवर ‘स्ट्राँग’ लिहिलंय म्हणून ती बाटली मुरवायची नसते. आपल्याकडच्या स्ट्राँग बियर म्हणजे जास्त अल्कोहोलच्या लागर, नेहमीच्या फिकट बियरच्याच जातीच्या. त्या ताज्याच प्यायच्या. बहुतेक बाटल्यांवर सहा महिन्यांची मुदत छापलेली असते, ती उगाच नसते. साधी लागर वर्षभर ठेवली की ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते, मग वर सोन्याचं मेण लावा नाहीतर लाखेचं. गव्हाची बियर आणि आयपीए (इंडिया पेल एल) यांचंही तेच. आयपीएचा सगळा जीव हॉप्सच्या, म्हणजे बियरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांच्या, वासात, आणि तो वास सर्वात आधी उडतो.

मुरवायला घ्यायच्या त्या साधारण 8 टक्के अल्कोहोलच्या वरच्या, गडद, माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) भर असलेल्या बियर : इम्पीरियल स्टाउट, बार्ली वाइन, बेल्जियमच्या मठांतल्या गडद एल. शिमे ब्लू 9 टक्क्यांची आहे, रोशफोर 10 ही 11.3 टक्क्यांची. अशा बाटल्यांत थोडं यीस्ट जिवंत असतं आणि ते आतला प्राणवायू काही प्रमाणात खाऊन टाकतं. दोन-तीन वर्षांनी त्यांना खजूर, बेदाणे, काकवी अशा चवी येऊ लागतात. तासगावच्या बेदाण्यावर वाढलेल्या जिभेला त्या ओळखायला वेळ लागत नाही.

बाटली तपकिरी काचेचीच हवी. हिरव्या आणि पांढऱ्या काचेतून प्रकाश आत जातो, हॉप्समधल्या कडू घटकांवर पडतो आणि घाण वास सुटतो. मेण फक्त मानेला असतं, पोटाला नाही, त्यामुळे प्रकाशापुढे त्याचा काही उपयोग नाही. फिरकीच्या झाकणाची बाटली सोडून द्या. मेण फिरकीच्या आट्यांत शिरतं आणि उघडताना सगळं तुकड्या-तुकड्यांनी निघतं.

मेण कसलं

पोस्टातल्या पार्सलांवर लागायची ती लाखेची कांडी अनेकांना आठवते, आणि पहिला प्रयोग तिच्यावरच होतो. नको. लाख कडक असते. थंड झाली की काचेवरून पापुद्र्यासारखी निघते आणि उघडताना तिचा चुरा थेट ग्लासात पडतो. नुसतं पॅराफिन, म्हणजे मेणबत्तीचं मेण, तेही ठिसूळ. बाटली फ्रिजमध्ये गेली की काच आणि मेण वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, मग तडा जातो. नुसतं मधमाशीचं मेण चिवट असतं, वासही छान, पण ते 62 ते 64 अंशांना वितळत असलं तरी नरम त्याच्या खूप आधी पडतं. मे महिन्यात जत-आटपाडीकडे दुपारी पारा चाळिशी गाठतो, तेव्हा बोट लावलं की ठसा उमटतो.

म्हणून मिश्रण करायचं. ग्लू गनमध्ये ज्या पांढुरक्या काड्या घालतात त्या लवचीकपणा देतात, पॅराफिन पातळपणा देतं आणि मधमाशीचं मेण दोघांना जुळवून घेतं. साधारण 300 ग्रॅमसाठी प्रमाण असं :

- ग्लू गनच्या काड्या, 11 मिलिमीटर जाडीच्या, 120 ग्रॅम. लांब काडी साधारण 25 ग्रॅमची भरते, म्हणजे पाच काड्या. अंदाजाने नको, वजन करून घ्या.
- पॅराफिन 150 ग्रॅम. साध्या पांढऱ्या मेणबत्त्या चालतात, वाती काढून.
- मधमाशीचं मेण 30 ग्रॅम.
- रंगासाठी एक किंवा दोन मेणखडू, कागद सोलून.

ग्लूच्या काड्या हार्डवेअरच्या किंवा स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. पारदर्शक किंवा दुधी रंगाच्या घ्या. पिवळट काड्या काही वेळा वेगळ्या रसायनाच्या असतात आणि मेणात विरघळतच नाहीत. मधमाशीच्या मेणासाठी सातारा जिल्ह्यासारखी जागा नाही. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे 2022 मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. त्या पट्ट्यातल्या मधपाळांकडे मेणाच्या वड्या असतात. वडी पिवळी, मधाच्या वासाची असावी, आणि दाताखाली चिकटणारी नसावी. चिकटली तर त्यात भेसळ आहे असं समजा.

रंगाचं एक : खायचा रंग घालू नका. तो पाण्यात विरघळणारा असतो, मेणात त्याच्या गोळ्या होऊन तळाशी बसतात. कुंकू-गुलालाचंही तेच. मेणखडूचा रंग मेणातच मुरलेला असतो म्हणून तो चालतो, पण दोनच्या वर गेलात तर मिश्रण भुसभुशीत होतं.

भांडी आणि जागा

दुधाच्या पावडरीचा किंवा कॉफीचा उंच, अरुंद पत्र्याचा डबा घ्या, आतून साधारण साडेसात सेंटिमीटर रुंद. पसरट भांड्यात तेवढंच मेण जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर खोल राहतं आणि मान बुडतच नाही. या डब्यात 300 ग्रॅम मेण साडेसात-आठ सेंटिमीटर चढतं. डबा काठोकाठ भरू नका. मान आत गेली की पातळी वर येते आणि मेण शेगडीवर सांडतं.

हा डबा पाण्याच्या पातेल्यात ठेवायचा. पातेल्याच्या तळाशी जुनं फडकं घाला, नाहीतर डबा खडखडत राहतो. डबा तरंगू नये म्हणून पाणी मेणाच्या पातळीपेक्षा थोडं कमीच ठेवा. डबा थेट आचेवर कधीही ठेवू नका. मेणाला उकळी येत नाही, ते निमूटपणे तापत जातं, मग धूर सुटतो आणि एकदम पेट घेतं. पाण्यात ठेवलेला डबा पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर जाऊच शकत नाही, ही या पद्धतीची सगळी सुरक्षितता. सांगलीत पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं, महाबळेश्वरात उंचीमुळे साडेपंच्याण्णवच्या आसपास. त्यामुळे वर घाटमाथ्यावर मिश्रण विरघळायला थोडा जास्त वेळ लागतो, घाबरू नका. पातेल्यातलं पाणी आटू देऊ नका. आटलं की ही सुरक्षितता संपली.

गॅसपेक्षा इंडक्शनची शेगडी बरी, उघडी ज्योत नको. तरी एक घट्ट बसणारं झाकण हाताशी ठेवा. मेण पेटलं तर झाकण टाकून शेगडी बंद करायची. पाणी ओतायचं नाही : पाणी तळाशी जातं, वाफ होते आणि पेटतं मेण घरभर उडतं. लहान मुलं आणि मांजर खोलीबाहेर. खाली वर्तमानपत्र अंथरा, जुने कपडे घाला. कापसाच्या शर्टावर पडलेलं ग्लू-मेण इस्त्रीनेही पूर्ण जात नाही.

कृती

आदल्या दिवशी बाटल्या फ्रिजमधून काढून ठेवा. मेण लावताना बाटली खोलीच्या तापमानाला आणि पूर्ण कोरडी हवी. बहुतेकांचं काम बिघडतं ते याच कारणाने. थंड बाटलीवर दव धरतं, मेण काचेला चिकटत नाही, वरून छान दिसतं आणि दोन दिवसांनी टोपीसारखं सबंध निघून हातात येतं. बिल्ल्याला 21 दातरे असतात आणि त्यांच्या खाली पाणी लपून बसतं. फडक्याने पुसून ते निघत नाही, चोवीस तास हवेवर ठेवावं लागतं. मग मान आणि बिल्ला स्पिरिटने पुसून घ्या, बोटांचं तेल निघून जातं.

मेण लावण्याआधी दोन फोटो काढा : एक बिल्ल्याचा वरून, एक मानेतल्या बियरच्या पातळीचा, तारीख-बॅचचा छाप दिसेल असा. याचं कारण पुढे येतं.

आता पातेल्यातलं पाणी तापवून डब्यात आधी पॅराफिन आणि मधमाशीचं मेण वितळवा. ग्लूच्या काड्यांचे सेंटिमीटरभर तुकडे करा आणि मेण पूर्ण पातळ झाल्यावर मूठ-मूठ घाला. सगळं एकदम टाकलं तर तळाशी एकच रबरी गोळा होतो आणि तो विरघळवता विरघळवता तास जातो. लाकडी काडीने हळू ढवळत राहा, जोरात नाही, हवा कोंडते. अर्धा-पाऊण तास लागतो. शेवटी मेणखडू.

मिश्रण कसं हवं? काकवीपेक्षा पातळ, तेलापेक्षा दाट. काडी उचलली की धार सलग पडावी. धारेऐवजी तार निघू लागली तर ग्लू जास्त झालंय, 20 ग्रॅम पॅराफिन घाला. पाण्यासारखं टपटपलं तर ग्लू वाढवा.

बाटलीला हात लावण्याआधी चमचा-चाचणी करा. स्टीलच्या चमच्याची मागची बाजू बुडवून काढा, पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि थर सोलून दुमडा. कटकन तुटला तर ग्लू कमी. ओढल्यावर च्युइंगमसारखा ताणत राहिला तर ग्लू जास्त. चामड्यासारखा वाकला आणि पुन्हा सरळ झाला की जमलं. पहिली बाटली पाणी भरून बिल्ला दाबलेली, किंवा एखादी स्वस्त सोड्याची घ्या. महागडी बाटली पहिल्यांदा बुडवणाऱ्याची खोड मोडते.

उघडायची सोय आत्ताच करायची. बिस्किटाच्या पुड्याला ती लाल पट्टी असते ना, तीच युक्ती. अर्धा सेंटिमीटर रुंदीची सुती फीत किंवा जाड शिवणदोरा दुहेरी करून बिल्ल्याच्या लगेच खाली मानेला एक वेढा द्या आणि दोन सेंटिमीटर शेपूट बाहेर ठेवा. बुडवताना शेपूट बोटाने वर धरायचं, मेणात जाऊ द्यायचं नाही. नायलॉनचा दोरा नको, गरम मेणात आकसतो.

बाटली उलटी धरून बिल्ल्यासह साडेतीन सेंटिमीटर मान सरळ बुडवा, मनात तीन मोजा, काढा. उलटीच तिरकी धरून दहा-पंधरा सेकंद स्वतःभोवती फिरवा, म्हणजे ओघळ एका बाजूला जमत नाही आणि शेवटचा थेंब डब्यातच पडतो. मग उभी करून दोन मिनिटं थांबा. पहिल्या थरात बारीक छिद्रं हमखास पडतात : दातऱ्यांखाली अडकलेली हवा गरम होऊन फुगते आणि मेण फोडून बाहेर येते. बोटाने दाबून बुजवत बसू नका. दुसरा थर त्यासाठीच आहे. तो द्यायचा तसाच, पण दोनच मोजायचे, कारण जास्त वेळ ठेवलं तर पहिला थर वितळून निघतो. तिसरा थर हौसेचा. दोन थरांत मिळून दीड मिलिमीटरच्या आसपास जाडी येते, ती पुरते. एका बाटलीला पाच-सहा ग्रॅम मेण लागतं. म्हणजे या डब्यातून अठरा-वीस बाटल्या होतात, मग खोली कमी पडते आणि भर घालावी लागते.

शेवटच्या थरानंतर मान गार पाण्यात पाच सेकंद धरली तर चकाकी येते. दोन थरांच्या मध्ये मात्र पाणी नको. गरम मेणात इतका कमी वेळ मान राहते की आतल्या बियरला काही होत नाही.

मेण लेबलवर ओघळलेलं हवं असेल, त्या अमेरिकन बर्बन व्हिस्कीच्या बाटलीसारखं, तर शेवटच्या थरानंतर बाटली न फिरवता लगेच उभी करा. मेकर्स मार्कवाले 1958 पासून लाल मेणात मान बुडवतात, त्यांची ओळखच ती झाली. बियरच्या बाटलीवर ते ओघळ दिसतात छान, पण खोक्यात शेजारच्या बाटलीला चिकटतात. आमचं मत साध्या कडेच्या बाजूने.

वरचा छाप हवा असेल तर मेण कोमट असताना पाण्यात बुडवलेलं नाणं किंवा पितळी शिक्का हलका दाबा. कोरडा शिक्का मेण घेऊनच वर येतो.

नंतर दिसणारे दोष

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मेणाच्या माथ्यावर फुगा आला, तर दोष मेणाचा नाही. बिल्ला गळतोय आणि आतला वायू मेणाला वर ढकलतोय. बाटलीतला दाब मेणाच्या आवाक्यातला नसतो, वर आणखी थर चढवून तो थांबत नाही. ती बाटली फ्रिजमध्ये टाका आणि आठवड्यात संपवा.

कडेला मेण सुटलं तर काच ओलसर किंवा तेलकट होती. कोरडं सोलून पुन्हा बुडवा. सोललेलं मेण फेकू नका, वितळवून जुन्या नायलॉनच्या गाळणीतून गाळलं की पुन्हा वापरता येतं. डबा मात्र मोरीत धुवायचा नाही. मेण पाइपात गोठलं की प्लंबर बोलवावा लागतो. डब्यातच थिजू द्या, झाकण लावून पुढच्या वेळेसाठी ठेवा.

उन्हाळ्यात बाटल्या एकमेकींना किंवा वर्तमानपत्राला चिकटत असतील तर मानेवर बटर पेपरचा तुकडा गुंडाळा. शाई मेणात उतरते, म्हणून वर्तमानपत्र नको.

ठेवायची जागा

12 ते 15 अंश, अंधार, बाटली उभी. आडवी ठेवायची ती बुचाची वाइन. बियर उभी ठेवली की गाळ तळाशी बसतो आणि बियरचा हवेला लागणारा पृष्ठभाग लहान राहतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की जुनं होण्याचा वेग साधारण दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो. पत्र्याच्या घरातल्या माळ्यावर एक उन्हाळा काढलेली बाटली चांगल्या जागी काही वर्षं काढलेल्या बाटलीइतकी थकते, आणि मुरल्याची गोडी मात्र तिच्यात येत नाही.

सांगली-मिरजेत बाराही महिने 15 अंश मिळवायचे तर छोटा फ्रिज कमी थंडाव्यावर लावणं हाच खात्रीचा मार्ग. जुन्या वाड्याचं माजघर त्याच्या खालोखाल : जाड मातीच्या भिंती, खिडकी नाही, दिवसरात्रीचा फरक कमी. जमिनीखाली थंडावा असतो हे या भागाला नवीन नाही, हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या खड्ड्यांत, हळद वर्षानुवर्षं ठेवली जायची. पण 2005 च्या महापुराचं पाणी त्या पेवांत शिरलं आणि त्यांचं नुकसान झालं. कृष्णेचं पाणी ज्या गल्लीत 2019 ला आलं, तिथे तळघरात बाटल्या ठेवू नका. पुराच्या पाण्याने बिल्ला गंजतो, लेबल जातं आणि मेणाखाली गाळ शिरला की ती बाटली कुणी तोंडाला लावू नये.

मेणामुळे बिल्ल्यावरचं काही दिसत नाही. म्हणून बाटलीच्या पाठीवर कागदी पट्टी लावून नाव, बॅच, मेण लावल्याची तारीख आणि उघडायचं वर्ष पेन्सिलीने लिहा. शाई फ्रिजमधल्या ओलीने पसरते.

देवाणघेवाण

इथे आधी कायदा. महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखाली मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, आणि किती बाळगायचं याला मर्यादा आहे. परवान्याशिवाय विक्री हा गुन्हा आहे, घरी बियर गाळणं हाही. ‘खर्चापुरते पैसे घेतले’ हा बचाव नव्हे. सांगलीपासून कर्नाटक हाकेच्या अंतरावर, गोवाही फार लांब नाही, पण सीमेपलीकडची बाटली आवश्यक परवानगीशिवाय इकडे आणणं हाही गुन्हाच. टपालाने मद्य पाठवता येत नाही. तेव्हा व्यवहार्य देवाणघेवाण एकच : परवाना असलेल्या दोघा-तिघांनी एका घरी बसायचं, प्रत्येकाने आपापली मुरवलेली बाटली आणायची आणि तिथेच उघडायची.

तरीही मेणाच्या बाटलीबद्दल शंका राहते, आणि ती रास्त आहे. मेण घरी लावता येतं म्हणजे उघडून पुन्हा बंद केलेल्या बाटलीवरही लावता येतं. मेण हा पुरावा नाही, मेणाआधीचा फोटो हा पुरावा. बिल्ल्यावर ओपनरची खूण नाही, पातळी मानेत बरोबर आहे, बॅच जुळते : एवढं फोटोत दिसलं की वाद होत नाही. फोटो नसलेली मेणाची बाटली कुणी दिली तर घ्या, पण तिच्या बदल्यात आपली सर्वात चांगली काढू नका.

साताऱ्याहून कराडला न्यायची म्हटली तरी खोक्यात बाटली उभीच हवी आणि काच काचेला लागता कामा नये. द्राक्षाच्या पेटीतली कागदी कात्रणं यासाठी फार चांगली, नसतील तर उसाचं कोरडं पाचट. मानेभोवती जास्त भरा, मेण तिथेच ठेचतं. गाडी उन्हात उभी करून जेवायला जाऊ नका, बंद गाडीत मेण नरम पडतं आणि आतली बियरही भाजून निघते.

उघडताना

फीत असेल तर शेपूट धरून आडवं ओढा, मेणाची टोपी वेगळी होते. फीत विसरली असेल तर बिल्ल्याच्या खालच्या कडेने चाकू एकदा गोल फिरवा, चाकू आपल्या विरुद्ध दिशेला धरून. थेट ओपनर लावला तरी नरम मेणातून बिल्ला निघतो, पण दातऱ्यांतले कण बाटलीच्या तोंडावर पडतात. म्हणून मेण काढल्यावर ओल्या फडक्याने तोंड पुसा, मग बिल्ला उघडा, आणि पुन्हा एकदा पुसा. ओतताना शेवटची दोन बोटं बियर बाटलीतच राहू द्या, त्यात गाळ असतो. फ्रिजमधून थेट काढून लगेच ओतू नका. गडद बियर 12-13 अंशांना बोलू लागते, त्यासाठी वीस-पंचवीस मिनिटं बाहेर ठेवा. सांगलीत मे महिना असेल तर दहा.